कोरम भरला, वाडी राहिली

ग्रामसभेच्या हजेरीवहीतल्या सह्या मोजून झाल्या की लोकसहभाग झाला, असे मानण्याची सवय आपल्या क्षेत्रात फार खोल गेली आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी तेवढी माणसे जमली की कोरम भरला. नाही जमली तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. नियम डोकी मोजतो, ती कोणत्या वाडीतून आली हे विचारत नाही. मैदानी भागातल्या एकगठ्ठा गावात हे एखाद वेळेस निभावून जाईल. पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे तालुक्यांत ते निभावत नाही, म्हणून या महिन्याचे संपादकीय त्या दोन तालुक्यांवर.

वेल्ह्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे, तरी लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. २०११ च्या जनगणनेत या तालुक्याची लोकसंख्या चोपन्न हजारांच्या आसपास होती आणि तालुक्यात एकही नगरपालिका नव्हती. दोन-तीन महसुली गावे आणि त्यांच्या विखुरलेल्या वाड्या मिळून एक गट ग्रामपंचायत, अशीच इथली घडण. भोर मोठा, तिथे नगरपरिषद आहे, पंत सचिवांच्या संस्थानाचा वारसा आहे, महामार्गालगतची सधन गावे आहेत. पण वेळवंड खोऱ्यात किंवा हिर्डस मावळात शिरले की चित्र वेल्ह्यासारखेच होते. रायरेश्वराच्या पठारावर तर आजही कुटुंबे राहतात आणि प्रत्येक सरकारी कामासाठी त्यांना गड उतरावा लागतो.

या खोऱ्यांना धरणांनीही आकार दिला. भाटघर १९२०च्या दशकात पूर्ण झाले, पानशेत १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुन्हा बांधले गेले, पुढे वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी. नदीकाठची भाताची चांगली जमीन पाण्याखाली गेली. काही गावे दूर हलवली गेली, काही लोक डोंगराच्या अंगाला वर सरकले. भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटणकडे जाते, पानशेत-वरसगावचे पुण्याला. उन्हाळ्यात जलाशयाच्या वरच्या अंगाच्या कितीतरी वाड्या टँकरची वाट पाहतात. ज्या पुणे शहराला हे पाणी मिळते, तिथल्या नागरिकाला २००६ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या भागातले काम सुचवता येते. पाणी देणाऱ्या वाडीला तिच्याच ग्रामपंचायतीच्या आराखड्यात एक ओळ घालता येते का, हे आपल्यापैकी किती जणांनी तपासले आहे?

या वाड्यांत राहतात ते कातकरी, महादेव कोळी, गवळी धनगर, काही ठिकाणी गावकुसाबाहेरच्या दलित वस्त्या. यांतल्या कातकऱ्यांकडे आधी पाहू, कारण सहभागाची आपली सगळी यंत्रणा त्यांच्यापाशी येऊन थांबते.

ग्रामसभा वर्षाला किमान चार. बहुतेक ठिकाणी त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांना धरून होतात. आता कातकरी कुटुंबाचे वर्ष या तारखांशेजारी मांडून पाहा. दिवाळी उरकली की मुकादमाची उचल घेऊन बिऱ्हाड वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. जानेवारीत वाडीत म्हातारी माणसे तेवढी उरतात, मे महिन्यातही तीच स्थिती. १५ ऑगस्टला घाटमाथ्याचा पाऊस असतो, ओढे भरलेले असतात, पंचायतीच्या गावापर्यंत चालत जाऊन परत येण्यात मजुरीचा अख्खा दिवस बुडतो. राहिली एक २ ऑक्टोबर. चार सभांपैकी एकीला पोहोचण्याची शक्यता ज्याला आहे, त्याला आपण अहवालात ‘उदासीन’ लिहितो. हा शब्द आपल्या अहवालांतून काढून टाकला पाहिजे. तारखा ठरवताना त्याचे वर्ष कोणी विचारात घेतले नाही, एवढेच खरे आहे.

तारखेनंतर कागद. कातकरी घर बहुधा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभे असते. घराची नोंद नाही म्हणून घरपट्टीची पावती नाही, पावती नाही म्हणून रहिवासाचा पुरावा नाही, आणि तिथून पुढे रेशनकार्ड, मतदार यादी, घरकुल सगळेच अडते. मुंबई-पुण्याच्या लोकांनी फार्महाऊससाठी जमिनी घ्यायला सुरुवात केल्यापासून या घरांखालची जमीनही हलू लागली आहे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातीच्या माणसाला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याच्या आजोबाने शाळेची पायरी चढली नाही आणि ज्याच्या नावावर कधी जमीन नव्हती, त्याने तो कुठून आणायचा? मग पंचायतीतली राखीव जागा दाखला नाही म्हणून रिकामी राहते, आणि आपण म्हणतो प्रतिनिधित्वाची सोय तर केलेली आहे. आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय घोडेगावला, म्हणजे आंबेगाव तालुक्यात. वेल्ह्याच्या माणसाला पुणे शहर ओलांडून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते.

कायद्याचीही एक रेघ मध्ये आहे. पुणे जिल्ह्यात पाचव्या अनुसूचीचे क्षेत्र आहे ते जुन्नर आणि आंबेगावच्या काही भागात. तिथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत विस्तार कायदा, लागू होतो आणि वाडीला स्वतःची ग्रामसभा म्हणून मान्यता मिळवता येते. भोर-वेल्ह्यात तीच जमात, तसाच डोंगर, पण पेसा नाही. वनहक्क कायदा मात्र दोन्हीकडे लागू आहे. त्यातही गवळी धनगर अनुसूचित जमातीत नसल्याने त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास आणि वनावरचे अवलंबन सिद्ध करावे लागते. झापात राहून गुरे राखणाऱ्या कुटुंबाने पाऊण शतकाचे पुरावे जपून ठेवावेत, ही अपेक्षा किती जड आहे हे दावे भरून घेणाऱ्या आपल्यातल्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे.

हे सगळे न बदलता येणारे आहे असे आम्ही मानत नाही. वेल्ह्यातच त्याचा दाखला आहे. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचे उस्मानाबाद असे पाच जिल्हे आणि २२५ गावे होती, राज्य पातळीवरचा समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होता, आणि पुणे जिल्ह्यातून निवडलेल्या तालुक्यांत वेल्हे होता. या कामातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे गावाचे प्रगतिपत्रक. मोठ्या कागदावर आडव्या ओळीत एकेक सेवा: नर्सताई वस्तीवर येतात का, लसीकरण होते का, दवाखान्यात औषध मिळते की बाहेरून आणायला सांगतात, बाळंतपणात पैसे मागितले का. समोर रंग. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे अर्धवट, लाल म्हणजे वाईट. कोणता रंग द्यायचा हे गावच्या बैठकीत बोलून ठरायचे, आणि अक्षर न येणाऱ्या बाईलाही भिंतीवरचा लाल चौकोन दिसायचा. पुढे जनसुनवाईत वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर तो कागद ठेवला जायचा आणि उत्तर सगळ्यांच्या देखत द्यावे लागायचे.

ही पद्धत का चालली याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही. ‘आरोग्यसेवेबद्दल तुमचे मत काय’ असा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही. गेल्या महिन्यात नर्स आली का, असे विचारले. पहिल्या प्रश्नाला वाडीतली माणसे गप्प बसतात, दुसऱ्याला चार जणी एकदम बोलतात. बैठक त्यांच्या अंगणात झाली. आणि ज्याने उत्तर द्यायचे तो समोर होता. निधी आटला की अशा बैठका विरळ होतात, हा अनुभवही आपल्याला आहे, आणि त्यातून घ्यायचे ते इतकेच की हे काम प्रकल्पाच्या पैशावर सोडून चालणार नाही, ते पंचायतीच्या नेहमीच्या कामकाजात बसवले पाहिजे.

जनसुनवाई हे हत्यार घडले ते राजस्थानात. डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने कोटकिराणा इथे पहिली जनसुनवाई घेतली, त्यात कामांची बिले आणि मस्टर लोकांसमोर मोठ्याने वाचून दाखवली गेली. ज्यांच्या नावावर मजुरी उचलली होती ती माणसे समोर बसली होती. माहितीच्या अधिकाराची मागणी त्या वाचनातून मोठी झाली. आज आपण कारभार खुला करतो म्हणजे काय करतो? ई-ग्रामस्वराजवर आराखडा चढवतो, नोटीस बोर्डावर कागद डकवतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ‘सभासार’ ही प्रणाली आणली, ती सभेच्या ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्त तयार करते. आमचा या साधनांना विरोध नाही, चोख नोंदींचा फायदा दुबळ्यालाच जास्त होतो. पण जो सभेला आला नाही, किंवा आला आणि दाराशी उभा राहून गेला, त्याचा आवाज कोणतेही यंत्र टिपणार नाही. ज्या वस्तीत रेंजसाठी टेकाडावर चढावे लागते, तिथे पोर्टलवरची माहिती म्हणजे कुलूपबंद कपाटातली माहिती.

कायद्याने याची सोय आधीच केलेली आहे, ती वापरायची राहिली आहे. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागातली सर्वांत परिणामकारक पद्धत विचारात घ्यावी. जाहीर घोषणाही त्यात येते. म्हणजे दवंडी आणि वाचन हे कायदेशीर प्रसारणच आहे. कलम ६ सांगते की ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी मागणी लिहून घ्यायला जनमाहिती अधिकाऱ्याने मदत केली पाहिजे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला शुल्क नाही. किती पंचायत समित्यांमध्ये असा तोंडी अर्ज लिहून घेतला गेला आहे? आपल्या वाचकांत जनमाहिती अधिकारी आहेत, त्यांना हा प्रश्न आम्ही तळमळीने विचारतो.

वाडीसभेचेही तसेच. महाराष्ट्राने २००३ पासून ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणे बंधनकारक केले, कारण भरल्या सभेत बायका बोलू शकत नाहीत हे मान्य केले गेले. कातकरी वाडीला, धनगर वस्तीला हाच न्याय का नाही? गडचिरोलीतले मेंढा (लेखा) हा एका पंचायतीतला टोलाच, म्हणजे वाडीच, आहे. त्याने आपली स्वतंत्र ग्रामसभा भरवून, सर्वसहमतीने निर्णय घेऊन २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. भोर-वेल्ह्यात पेसा नसला तरी ग्रामसभेआधी वाडीत जाऊन बैठक घ्यायला आणि तिथल्या मागण्या मुख्य सभेच्या विषयपत्रिकेवर आणायला कोणता नियम आडवा येतो? आमच्या माहितीत एकही नाही.

ग्रामसेवकांची अडचण आम्ही जाणतो. पद आता ग्रामपंचायत अधिकाऱ्याचे झाले, पण एकाच्या गळ्यात दोन-तीन पंचायती, ऑनलाइन नोंदी, घरकुलांचे फोटो, निवडणुकीची कामे. प्रत्येक वाडीत दर वेळी जाणे शक्य नाही. पण दर ग्रामसभेआधी एक वाडी, पाळीपाळीने, हे शक्य आहे. आशाताई आणि अंगणवाडीताई तिथे आधीच जातात, बचतगट असतो. खरी अडचण वेगळी आहे आणि तीही बोलली पाहिजे: चाळीस मतांच्या वाडीसाठी गावकीला दुखवायला सरपंच तयार नसतो. त्याला पाठबळ द्यायचे तर वाडीची मागणी लेखी, ठरावाच्या रूपात आणि सूचक-अनुमोदकाच्या नावासह त्याच्या पुढ्यात आली पाहिजे. मग ती फेटाळायची तरी कारण लिहावे लागेल.

आणि तिथे जाताना पंचायतीचा हिशेब बरोबर न्या. स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात. महामार्गालगतच्या आणि फार्महाऊसांच्या घरपट्टीवर चालणाऱ्या पंचायतींत ही रक्कम किरकोळ नसते. गेल्या वर्षी ती कशावर गेली, हे त्याच वस्तीत उभे राहून वाचून दाखवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकऱ्यांचा समावेश आहे. त्यातली घरे कोणाच्या नावावर मंजूर झाली, ती यादीही वाचा.

वाचकांना आमची विनंती नेमकी आहे. पुढच्या २ ऑक्टोबरच्या सभेची नोटीस निघण्यापूर्वी, कुटुंबे भट्टीवर जाण्याआधी, आपल्या कार्यक्षेत्रातली सर्वांत लांबची एक वाडी निवडा. संध्याकाळी, मजुरीवरून माणसे परतल्यावर, तिथे बैठक घ्या, हिशेब वाचा, मागण्या त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि मुख्य सभेत त्यांवर काय निर्णय झाला हे सांगायला पुन्हा एकदा त्या वाडीत जा. दोन्ही बैठकांचे इतिवृत्त आमच्याकडे पाठवा. या मासिकाची पाने त्यासाठी मोकळी ठेवली आहेत.