नख रुतते का?

भिलाई हे रेल्वेचे रूळ घडवणारे गाव. पोलादावर कठीण गोळी ठरावीक भाराने दाबायची आणि उमटलेला खळगा मोजायचा, ही स्वीडिश अभियंता ब्रिनेल याने १९०० साली मांडलेली काठिण्याची चाचणी इथे कुणाला नवलाची वाटत नाही. आणि तरीही पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केलेल्या मी माझ्या कुत्रीसाठी चघळायचे हाड विकत घेतले, ते पाकिटावरचे ‘नैसर्गिक’ आणि ‘दीर्घकाळ टिकणारे’ हे दोन शब्द वाचून. तीन आठवड्यांत तिच्या वरच्या उपदाढेचा कपचा निघाला.

‘हाड तर दातापेक्षा मऊ, मग दात तुटला कसा?’ असे एका विद्यार्थ्याने विचारले. प्रश्न रास्त आहे. ओरखड्याच्या कसोटीवर एनॅमल हाडापेक्षा खरोखरच कठीण ठरते. परंतु ओरखडा न उठणे आणि न तुटणे हे वेगवेगळे गुण आहेत. काच हे त्याचे रोजचे उदाहरण. वस्तू जितकी कमी दबणारी, तितका तिचा दाताशी स्पर्श लहानशा जागेपुरता राहतो आणि तेवढ्याच बळाने तिथला दाब वाढतो. त्यातून कुत्रा कठीण वस्तू जबड्याच्या मागच्या बाजूस धरतो. अडकित्त्यात सुपारी बिजागरीजवळ सरकवली की चटकन फुटते, तेच हे तंत्र. मात्र इथे कधी कधी सुपारीऐवजी पातेच फुटते. कुत्र्याचे एनॅमल माणसाच्या मानाने फार पातळ, एक मिलिमीटरहूनही कमी असते, आणि गेलेले पुन्हा येत नाही. हजारो चाकांखाली रूळ थकतो, तसा रोजच्या चावण्याने दातही थकतो.

म्हणून पशुदंतवैद्य सांगतात ती साधी कसोटी मला पटते: वस्तूवर अंगठ्याचे नख दाबा; खूण उमटली नाही, तर ती घेऊ नका. ही घरगुती ब्रिनेल चाचणीच! हरणाची शिंगे, खूर, हिमालयातील वाळलेली छुर्पी हीत नापास होतात. (सांबर-चितळाच्या शिंगांचा व्यापार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने गुन्हाच आहे.)

मऊपणालाही मर्यादा हवी. कच्च्या चामड्याचा तुकडा ओला होऊन फुगतो आणि गिळला तर घशात किंवा आतड्यात अडकतो; वस्तू तोंडात मावण्याइतकी लहान झाली की काढून घ्यावी. रविवारच्या मटणाची हाडे तर नकोतच. शिजताना त्यांतील कोलॅजनची वीण सुटते आणि ती टोकदार फुटतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली बाजारातील तयार हाडांविषयी इशारा दिला, तेव्हा त्यांच्याकडे अशा सुमारे ६८ तक्रारी होत्या आणि त्यांत सुमारे १५ कुत्री दगावल्याची नोंद होती.

‘गल्लीतली कुत्री हाडेच खातात, त्यांना काय होते?’ हे उत्तर मी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकतो. जी मेली ती गल्लीत दिसत नाहीत, आणि जी दिसतात त्यांच्या तोंडात कुणी डोकावत नाही. नमुनाच एकांगी आहे.

माझा खरा आक्षेप पाकिटावर आहे. माझ्या हाडाच्या पाकिटावर प्रथिनांचे शेकडा प्रमाण दशांशासह छापलेले होते. काठिण्याचा आकडा कुठेच नव्हता. तो मोजायला कठीण नाही, आमच्या गावात तर मुळीच नाही. तोवर मी दुकानात उभी राहून प्रत्येक रबरी खेळण्यात नख रुतवून पाहते, आणि दुकानदार माझ्याकडे संशयाने पाहतो.