उद्यानांतील खेळण्यांखालची जमीन बदलावी आणि मुलांच्या अस्थिभंगावर वेळेत उपचार मिळावेत : निवेदन

प्रति,
मा. प्रधान सचिव,
नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

विषय : सार्वजनिक उद्यानांतील खेळणी व मुलांचे अस्थिभंग याबाबत.

महोदय,

‘मुलं पडायचीच, हाड जुळतं लवकर’ असे म्हणून हा प्रश्न घरोघरी मिटवला जातो. पण तो किती मोठा आहे, हे स्वीडनमधील माल्मो शहरातल्या, १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. तेथे वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत एखादे तरी हाड मोडण्याचे प्रमाण मुलग्यांत ४२ टक्के, तर मुलींत २७ टक्के आढळले.

पडताना मूल हात पुढे टेकवते. म्हणून मनगटाजवळचे हाड सर्वाधिक मोडते. पाच ते सात वर्षांच्या मुलांत कोपराच्या वरचे हाड मोडणे नेहमीचे. पुढे मुली अकरा-बारा वर्षांच्या आणि मुलगे तेरा-चौदा वर्षांचे होतात, तेव्हा हाडे झपाट्याने लांबतात, पण त्यांत कॅल्शियम भरण्याचे काम मागे राहते. या काळात साधी पडझडही महागात पडते.

मूल पडणे कोणालाच टाळता येणार नाही. ते किती उंचीवरून आणि कशावर पडते, हे मात्र उद्यान बांधणाऱ्याच्या हाती असते. घसरगुंडी, झोके आणि लोंबकळायच्या लोखंडी शिड्या यांच्याखाली अनेक ठिकाणी पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट असते. मोठ्यांच्या ओपन जिमवर तर लहान मुलेच लोंबकळताना दिसतात. दीड मीटरहून उंच खेळण्यावरून पडल्यास हाड मोडण्याचा धोका बराच वाढतो. म्हणून सर्व महानगरपालिका व नगरपरिषदांना आदेश देऊन खेळण्यांखालचे पेव्हर ब्लॉक काढावेत, तेथे सुमारे फूटभर खोल वाळू किंवा रबराचे जाड आच्छादन घालावे आणि निविदेतच ही अट लिहावी. वाळू वेळोवेळी उकरली नाही तर ती दगडासारखी घट्ट होते. त्यामुळे देखभालीचा खर्चही अंदाजपत्रकात धरावा.

अपघाताच्या भीतीने खेळणी हटवू नयेत किंवा उद्यानांना कुलपे लावू नयेत, ही आमची तितकीच आग्रहाची विनंती आहे. धावण्या-उड्या मारण्यानेच हाडे बळकट होतात.

दुसरी मागणी उपचारांची. रात्री एक्स-रे कुठे निघेल हे ठाऊक नसलेले पालक मूल घेऊन हाडवैद्याकडे जातात. कोपर सुजलेले असताना पट्ट्या आवळून बांधल्यास रक्तपुरवठा तुटतो आणि हात कायमचा आखडू शकतो. वाढीच्या चकतीला इजा झाली असेल, तर हाड वाकडे वाढण्याचा धोका असतो. पालिकांच्या मोठ्या रुग्णालयांत चोवीस तास एक्स-रे व प्लास्टरची सोय असावी आणि जवळच्या अशा रुग्णालयाचे नाव प्रत्येक उद्यानात व शाळेत ठळकपणे लावावे. मूल कुठे, कशावरून पडले याची नोंद केसपेपरवर घेऊन ती उद्यान विभागाला दरमहा कळवावी. एकाच खेळण्याखाली पुन्हा पुन्हा हात मोडत असतील, तर ते त्यातूनच कळेल.

या मागण्यांवर चर्चेसाठी आमच्या प्रतिनिधींना वेळ द्यावी व झालेल्या कार्यवाहीचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
पालक व शिक्षक

प्रत माहितीसाठी : मा. प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग