वनस्पतिजन्य परिरक्षके : लेबलपेक्षा चाचणी महत्त्वाची

‘पॅराबेनमुक्त’, ‘संपूर्ण नैसर्गिक’, ‘वनस्पतिजन्य’ हे शब्द क्रीम, शाम्पू आणि औषधी सिरपच्या वेष्टनांवर आता ठळकपणे झळकतात. रसायनांना धास्तावलेला ग्राहक त्याकडे वळणे स्वाभाविक आहे. मात्र, नैसर्गिक म्हणजे सुरक्षित हे समीकरण तितकेसे सरळ नाही.

पाण्याचा अंश असलेल्या उत्पादनात जिवाणू आणि बुरशी सहज वाढतात. ही वाढ रोखण्यासाठी परिरक्षके (प्रिझर्व्हेटिव्ह) घातली जातात. पॅराबेन हा त्यांतील जुना आणि स्वस्त गट. २००४ मध्ये ब्रिटनमधील रीडिंग विद्यापीठातील संशोधकांनी स्तनाच्या गाठींच्या २० नमुन्यांचा अभ्यास करून त्यांत पॅराबेन आढळल्याचे जाहीर केले आणि संशयाला सुरुवात झाली. पॅराबेनमुळे कर्करोग होतो, हे त्यातून सिद्ध झाले नव्हते. निरोगी ऊतींशी तुलनाही त्यात नव्हती. युरोपीय महासंघाने २०१४ मध्ये पाच पॅराबेनवर सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली. मिथाइल पॅराबेनला मात्र परवानगी कायम राहिली.

दरम्यान, अनेक उत्पादकांनी मिथाइलआयसोथायाझोलिनोन या पर्यायी रसायनाचा आधार घेतला. त्यातून त्वचेच्या ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढले, की अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ ठरवले. त्याच संघटनेने २०१९ मध्ये पॅराबेन ॲलर्जीच्या दृष्टीने निर्धोक असल्याचा निर्वाळा दिला.

वनस्पतिजन्य पर्यायांना परंपरेचा आधार आहे. आयुर्वेदातील आसव-अरिष्टे धायटीच्या फुलांच्या साह्याने आंबवली जातात आणि त्यांत तयार होणारा मद्यार्कच ती टिकवतो. लवंगतेलातील युजेनॉल जंतूंना रोखते, हेही खरे. पण युजेनॉल युरोपच्या ॲलर्जीकारक सुगंधी द्रव्यांच्या यादीतही आहे. शिवाय अर्काची ताकद पिकानुसार आणि हंगामानुसार बदलते. पुरेसे प्रमाण घातले तर वास आणि रंग बिघडतो.

‘नैसर्गिक’ या शब्दामागे काय दडू शकते, हे ग्रेपफ्रूटच्या बियांच्या अर्काने दाखवून दिले. जर्मनीत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत अशा सहापैकी पाच अर्कांत बेन्झेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक सापडले. परिरक्षक नसलेल्या सहाव्या अर्काचा जंतूंवर काहीच परिणाम झाला नाही!

परिरक्षण अपुरे पडल्यास काय होते, याचे उदाहरण २०२३ चे आहे. तमिळनाडूत तयार झालेल्या आणि अमेरिकेत विकल्या गेलेल्या डोळ्यांच्या थेंबांशी संबंधित संसर्ग ८१ जणांना झाला. चौघांचा मृत्यू झाला. उत्पादनातील अन्य त्रुटींबरोबरच, वारंवार वापरायच्या बाटलीत पुरेसे परिरक्षक नसल्याचेही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नमूद केले होते.

म्हणूनच परिरक्षक झाडापासून आले की कारखान्यातून, हा प्रश्न दुय्यम ठरतो. औषधसंहितेतील चाचणीत उत्पादनात मुद्दाम जंतू सोडले जातात आणि २८ दिवस त्यांच्या संख्येवर लक्ष ठेवले जाते. या कसोटीला उतरलेला वनस्पतिजन्य अर्क स्वागतार्हच आहे. पण उत्पादकांनी परिरक्षकाचे नाव आणि चाचणीचा निष्कर्ष ग्राहकांसमोर ठेवायला हवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत महिनोन्‌महिने उघडी राहणारी डबी केवळ ‘नैसर्गिक’ या शिक्क्याने सुरक्षित राहत नाही.