सेंद्रिय तांदूळ अहिंसक असतो का?



सध्या आपल्या बायकांत एक वाक्य फार ऐकू येतं, "आम्ही आता सेंद्रिय तांदूळच आणतो, त्यात हिंसा नाही." पहिल्या अर्ध्याशी माझं भांडण नाही, दुसऱ्या अर्ध्याशी आहे.

आपला भंडारा धानाचा जिल्हा. बांधीत काय चालतं ते बघायला लांब जावं लागत नाही. धानावर खोडकिडा येतो, तुडतुडे येतात. सेंद्रिय शेतकरीही कीड मारतोच, फक्त रीत वेगळी. निंबोळी अर्काने किडीचं खाणं आणि वाढ थांबते, मग ती मरते. ट्रायकोकार्ड म्हणून एक कार्ड मिळतं, त्यावर साधारण 20,000 अंडी चिकटवलेली असतात. अंडी कोणाची, तर आपल्या डब्यात तांदळाची जाळी करणाऱ्या अळीच्या पतंगाची! त्या अंड्यांत ट्रायकोग्रामा नावाची चिमुकली माशी वाढते आणि शेतात सुटून खोडकिड्याच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालते. खोडकिडा जन्मायच्या आधीच संपतो. चार इंद्रियांच्या एका जीवाकडून दुसऱ्याचा घात करवून घ्यायचा, असाच हा प्रकार.

विषापेक्षा हे किती तरी बरं, यात शंका नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. पण बरं म्हणजे निर्दोष नव्हे.

नांगराचं कोडं तर आणखी अवघड. चिखलणीत किती गांडुळं जात असतील? कर्जत तालुक्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राइस तंत्र, म्हणजे एसआरटी, बसवलं. गादीवाफे एकदाच करायचे. मग नांगरणी नाही, चिखलणी नाही, रोवणी नाही, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. गांडुळं वाढतात. ऐकताना वाटतं, ही तर आपलीच शेती! पण तणासाठी त्यात तणनाशक वापरतात, म्हणून सेंद्रियचा शिक्का मिळत नाही. मग कोणता तांदूळ चांगला? माझं मन नांगर टाळण्याकडे झुकतं, पण तणनाशक काही पटत नाही. जपानच्या मासानोबू फुकुओकांनी पेंढा पसरून, नांगर आणि तणनाशक दोन्ही सोडून भात घेतला होता. साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी आपल्या बांधीत हे कसं जमेल यावर काम व्हावं, असं मला फार वाटतं.

शेती आदिनाथ भगवंतांनी शिकवली असं आपण मानतो. तिच्यातली हिंसा उद्योगी. ती पूर्ण टळत नाही, कमी करता येते. आणि कृत, कारित, अनुमोदित म्हटल्यावर खाणारी मी त्यातून सुटते कशी?

म्हणून माझं म्हणणं असं की शिक्का शोधू नका, शेतकरी शोधा. रसायनं सोडल्यावर वर्षाच्या पिकाला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळेपर्यंत किमान 2 वर्षं जातात. त्या काळात उतारा घटतो, निंदणीची मजुरी वाढते आणि धान मात्र साध्याच भावाने जातं. खरी गरज तेव्हा असते, आणि आपण तेव्हा दुकानात चकचकीत पाकिटं उलटसुलट करत असतो. त्याच 2 वर्षांचा तांदूळ आपण घ्यावा. मंदिराच्या सामूहिक जेवणाचा तांदूळ रोवणीच्या आधीच ठरवावा आणि थोडी उचल द्यावी. बांधीत काय टाकलं, चिखलणी किती केली, तण कसं काढलं, हे शेतकऱ्याने खरं सांगावं. आपणही ऐकून नाक मुरडू नये, नाही तर पुढच्या वर्षी तो गोड तेवढंच सांगेल.

एक घरची गोष्ट. कमी पॉलिशच्या तांदळाला सोंडे लवकर धरतात, मग निवडताना पुन्हा हिंसा आलीच. सालीतल्या धानाला कीड कमी लागते. तेव्हा वर्षाचं धानच ठेवावं आणि महिन्यापुरतं गिरणीतून काढून आणावं.