सांभाळणारा पुरुष नसेल तरच?

फाळणीनंतर सिंधी कुटुंबं जरीपटक्यात वसली, हे प्रत्येक नागपूरकराला ठाऊक असतं. नंतरही सिंधमधून माणसं येत राहिली आणि त्यातली कित्येक वर्षानुवर्षं पाकिस्तानी पासपोर्टवर इथे राहतात, हे मात्र एप्रिल २०२५ मध्ये अनेकांच्या लक्षात आलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले होते.

मैत्रिणींनो, या दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे नियम बाईच्या नजरेने वाचून पाहा. तो पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांना मिळतो. भारतीयाशी लग्न करून इथे नांदणाऱ्या पाकिस्तानी किंवा बांगलादेशी बाईला मिळतो. आणि तिकडे लग्न होऊन गेलेली, तिकडचीच नागरिक झालेली आपली मुलगी विधवा किंवा घटस्फोटित होऊन परतली, तर तिलाही मिळतो. अट एकच, तिला सांभाळणारं पुरुषमाणूस तिकडे नसावं! म्हणजे दीर असेल तर? तो सांभाळतो की राबवून घेतो, हे कोण विचारणार? माहेरच्या देशाने लेकीला घरात घेण्याआधी सासरचे पुरुष मोजायचे, असा हा हिशोब.

जरीपटक्यातल्या सिंधी बाईला निदान अल्पसंख्याक म्हणून स्वतःच्या नावावर अर्ज करता येतो. मोमिनपुऱ्यात सून म्हणून आलेल्या कराचीच्या मुसलमान मुलीला ती वाट नाही. तिचं इथलं राहणं लग्नावर, म्हणजे नवऱ्याच्या कागदांवर आणि मर्जीवर. आमच्या सल्ला केंद्रात अशी बाई आली की मारहाणीचं सगळ्यात शेवटी सांगते. आधी विचारते, "ताई, यांनी कागद दिले नाहीत तर मला परत धाडतील का हो?"

२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 'कोणतीही स्त्री' म्हणतो, तिचं नागरिकत्व विचारत नाही. पण देशात राहायचीच मुदत संपत आली असेल, तर घरात राहण्याचा हक्क मिळवून ती करणार काय? नागरिकत्वासाठी लग्नाच्या आधारावर अर्ज करायचा तर आधी सात वर्षं इथे काढावी लागतात. सात वर्षं तोंड मिटून! (परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय आईकडून नागरिकत्व मिळू लागलं तेही डिसेंबर १९९२ पासून. तोवर बापच भारतीय लागायचा.)

यात अशक्य काही नाही. अमेरिकेने १९९४ च्या कायद्याने नागरिकाच्या किंवा कायम रहिवाशाच्या छळलेल्या बायकोला नवऱ्याला न विचारता स्वतः अर्ज करायची सोय केली. आपल्याकडे तर संरक्षण अधिकारी आहेत, हिंसाचाराचा अहवाल ते लिहितातच. परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या पोलिसांनी तो अहवाल नवऱ्याच्या कागदांच्या जागी धरावा आणि बाईला तिच्या एकटीच्या सहीवर मुदतवाढ द्यावी. पुरुषमाणसाची ती अटही गृहखात्याने नियमांतून काढून टाकावी.