वाढत्या अंगाचं जॅकेट नको

नारायण पेठेत कपडा घ्यायचा तो वाढत्या अंगाचा, हा अलिखित कायदा आहे. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा, मुंजीतला सदरा वाढत्या अंगाचा, आणि ज्यांची उंची वाढायची पंचवीस वर्षांपूर्वीच थांबली त्या गृहस्थांचा रेनकोटही वाढत्या अंगाचाच. पेठेतली मुलं-मुली आता गुलमर्गला, औलीला, मनालीजवळच्या सोलंगला स्की शिकायला जातात, आणि हाच कायदा त्यांच्याबरोबर बर्फावर पोहोचतो. जॅकेट घ्यायला निघालेल्या मुलाला घरातून बजावलं जातं, ‘एक साइज मोठंच घे, आत दोन स्वेटर मावले पाहिजेत.’ दुकानदार मान डोलावतो. ट्रेकचा अनुभव असलेला मामाही मान डोलावतो. मला मात्र हे तिघेही चुकीचे वाटतात. स्कीसाठीचं जलरोधक शेल, म्हणजे सगळ्यांत वरचं जॅकेट, अंगालगतच असलं पाहिजे. ते शोधताना लेबलवरच्या आकड्यांपेक्षा बेतणी आधी पाहावी, आणि एकच जॅकेट गुलमर्ग आणि राजगड दोन्हीकडे चालवण्याचा हट्ट सोडावा.

केसरीवाडा ज्या पेठेत आहे तिथे राहून प्रतिपक्षाचं म्हणणं धड न मांडताच खोडून काढणं बरं दिसणार नाही. तेव्हा आधी त्यांची बाजू.

ते म्हणतात, ढगळ कपड्यात हवा खेळती राहते, घाम सुकतो, हातपाय मोकळे हलतात, आत हवे तितके थर घालता येतात. शिवाय मोठं जॅकेट बापाला होतं, लेकाला होतं, वेळ पडली तर मेव्हण्यालाही देता येतं. अंगाबरोबर बसणारं जॅकेट ही आरशापुढे उभं राहणाऱ्यांची हौस. हा पक्ष पोकळ नाही. पुण्यापासून दोन तासांवर तो शंभर टक्के खरा आहे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

जुलैत ताम्हिणीत किंवा राजगडाच्या चढावर काय होतं ते पाहा. हवा बावीस-तेवीस अंशांची आणि पाण्याने जवळजवळ भरलेली. जॅकेटच्या कापडातला पातळ पडदा घामाची वाफ बाहेर सोडतो, पण तो पंप नव्हे. आत बाष्पाचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तेव्हाच वाफ बाहेर सरकते. अंगाजवळची तीस अंशांची ओलसर हवा धरली तर तिथला दाब सुमारे ४२ हेक्टोपास्कल. बाहेरच्या पावसाळी हवेत तो २६-२७. फरक उरतो पंधराच्या आसपास. चढावर माणूस निथळत असतो, तेवढ्या घामाला हा फरक पुरत नाही. तेव्हा माणूस आतून भिजतो आणि ‘एवढे पैसे घालून गळतंय’ म्हणून कापडाला शिव्या देतो. अशा ठिकाणी ढगळ पोंचो, छत्री किंवा सरळ भिजणं हेच शहाणपण. मावळातला शेतकरी पुढून उघडं इरलं पाठीवर घेऊन भातलावणी करत आला, त्यामागे हेच गणित होतं. पाठीवर पाऊस अडतो आणि पुढून वारा खेळतो. त्या इरल्याला मी कुठल्याही महागड्या जॅकेटपेक्षा वरचा नंबर देईन, पण सह्याद्रीत.

आता हाच माणूस फेब्रुवारीत गुलमर्गला उभा करा. गाव सुमारे २,६५० मीटरवर, गोंडोलाचं वरचं टोक चार हजारांच्या जवळ. बाहेर उणे आठ अंश. त्या थंडीत हवा बाष्पाने अगदी तुडुंब असली तरी दाब जेमतेम ३ हेक्टोपास्कल भरतो. आतले ४२ तसेच धरले तर फरक ३९ झाला, म्हणजे पावसाळी सह्याद्रीच्या अडीच पट. जो पडदा ताम्हिणीत हात टेकतो तोच इथे कामाला लागतो. मग हवा खेळती ठेवण्यासाठी ढगळपणाची गरज उरत नाही. चढ चढून अंग तापलंच तर काखेखालच्या चेन उघडायच्या, त्या त्यासाठीच असतात. मामांचा सल्ला अनुभवातून आलेला आहे, फक्त तो अनुभव दुसऱ्या हवेतला आहे.

ढगळपणाचा फायदा गेला की तोटे तेवढे उरतात, आणि ते किरकोळ नाहीत. अंग आणि शेल यांच्यात हवेची पोकळी जितकी मोठी, तितकं शेलचं आतलं अंग थंड पडतं. मग वाफ कापडातून पार होण्याआधीच तिथे पाणी होऊन बसते, कडक थंडीत तर तिचं दहिवर होतं. उतारावर वेग घेतला की मोठा घेर फडफडतो. प्रत्येक हालचालीबरोबर कमरेतून गार हवा आत आणि कमावलेली ऊब गळ्यातून बाहेर, असा भाता सुरू होतो. प्रतिपक्ष ज्याला खेळती हवा म्हणतो ती हीच. शिकाऊ माणूस पडतो, आणि पडला की लोंबत्या कडेखालून बर्फ सरळ पाठीवर जातो. जॅकेटच्या आत कमरेला लवचीक पट्टा असतो तो हा बर्फ अडवण्यासाठी. पण कमरेभोवती वीतभर जागा सोडून घेतलेल्या जॅकेटमध्ये तो पट्टा नुसता लोंबतो. लिफ्टची गोष्ट त्याहून गंभीर आहे. खुर्चीवरून उतरताना किंवा ओढणाऱ्या लिफ्टची दांडी सोडताना लोंबणारा कपडा, पट्टा, नाडी अडकली तर माणूस फरफटतो. प्रशिक्षक सैल काही लोंबू देत नाहीत ते यासाठी.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो अभिमानाच्या बाजूने येतो. ‘आमच्या पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची माणसं २०१२ साली एव्हरेस्टवर गेली, २०१९ साली कांचनजुंगावर गेली. त्यांच्या अंगावर फुगीर ढगळ पोशाखच होते की!’ होते. आठ हजार मीटरवर पिसांचा पोशाख घालतात, कारण तिथली थंडी कोरडी आणि जीवघेणी असते, पाऊस पडत नाही, आणि पिसं फुगलेली राहिली तरच ऊब धरतात. तो पोशाख स्वतःच ऊब देतो. शेलमध्ये ना पिसं असतात ना कापूस. ते फक्त वारा आणि पाणी अडवतं, ऊब आतल्या थरांनी द्यायची. दोघांची कामं वेगळी, तेव्हा मापंही वेगळी. ‘तेनसिंग-हिलरींकडे कुठे होतं हे कापड?’ असंही ऐकवलं जातं. नव्हतंच. १९५३ च्या त्या मोहिमेत सुती-नायलॉनचे वारा अडवणारे कपडे होते, आणि शिखराजवळच्या कोरड्या बर्फात तेवढं पुरतं. मार्चमधल्या गुलमर्गच्या ओल्या बर्फात दर दहा मिनिटांनी बसकण मारणाऱ्या नवशिक्याला ते पुरणार नाही. या एका बाबतीत नवशिक्याची गरज एव्हरेस्टवीरापेक्षा मोठी आहे, यात कुणी अपमान मानू नये.

‘अंगालगत म्हणजे त्या शर्यतवाल्यांसारखं काय?’ हा तिसरा प्रश्न थट्टेने विचारला जातो. उत्तर गंभीर आहे. शर्यतीच्या चापून बसणाऱ्या पोशाखातून हवा आरपार जाऊ शकली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचा नियम आहे. चौरस मीटरला सेकंदाला किमान ३० लिटर. म्हणजे तो पोशाख शेलच्या अगदी उलट. मी जे मागतो आहे ते चापून बसणारं नव्हेच. आतला फ्लीस किंवा पातळ पिसांचं जॅकेट दाबलं गेलं तर त्यातली हवा जाते आणि हवेबरोबर ऊब जाते. थर घातल्यावर ते न दाबता जे अंगाबरोबर चालतं ते अंगालगत.

आता आकड्यांच्या भक्तांकडे वळू. हे लोक दुकानात शिरल्याबरोबर ‘किती हजारचं आहे?’ विचारतात, आणि ते किमतीबद्दल नसतं. २०,००० मिलिमीटर म्हणजे कापडाने वीस मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसला. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर आपला भिडे पूल बुडतो तेव्हाही त्याच्या डोक्यावर एवढं पाणी नसतं. सत्तर किलोचा माणूस एका गुडघ्यावर रेलला आणि टेकलेली जागा शंभर चौरस सेंटिमीटर धरली, तर दाब सात मीटर स्तंभाएवढा होतो. जॅकेटच्या खांद्याला, कोपराला एवढाही क्वचितच येतो. चांगल्या शिवणींचं दहा हजारांचं जॅकेट नवशिक्याला भरपूर झालं. वाफ सोडण्याचे आकडे तर निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या पद्धतींनी मोजतात, त्यांची एकमेकांशी तुलना करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा जॅकेट उलटं करून बघा. सगळ्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का? टोपी हेल्मेटवरून येते का, आणि मान वळवली की बरोबर वळते का? वळत नसेल तर डावीकडून येणारा माणूस दिसणार नाही.

मग ते शोधायचं कसं? लेबलवरच्या ‘स्लिम’ला भुलू नका. युरोपीय मापातलं स्लिम आपल्याकडच्या सडपातळ मुलाला बाहीत लांब होतं, आणि सुटलेल्या पोटाच्या गृहस्थाला छातीत बसून पोटाशी अडतं. घरून थर्मल आणि फ्लीस नेऊन, ते अंगात घालून जॅकेट चढवा, दुकानातल्या एसीत घाम आला तरी हरकत नाही. थरांवरून छातीचं माप घ्या. जॅकेटचा घेर त्याहून आठ-दहा सेंटिमीटर जास्त, हा माझा ठोकताळा. मग दोन्ही हात वर करा, कड पँटच्या पट्ट्याच्या वर जाता कामा नये. स्वतःला मिठी मारा, पाठीत ताण आला तर साइज नव्हे, कट चुकलेला आहे, दुसऱ्या कंपनीचं बघा. हात पुढे ताणल्यावर बाही अंगठ्याच्या मुळाशी राहिली पाहिजे. उकिडवे बसा. लोक बघतील, बघू द्या. बायकांसाठीचा कट वेगळा असतो, ‘जेंट्सचं स्मॉल होईल की’ म्हणणाऱ्या दुकानातून निघून या.

एक मोह मात्र टाळाच. पेठेत कुठल्याही कपड्याची अडचण शेवटी ‘अल्टर करून घेऊ’वर येऊन थांबते. आपले शिंपी हुशार आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण बाजूच्या शिवणी आत घेतल्या की सुईचं प्रत्येक भोक हे पाण्याचं भोक होतं, आणि आतली पट्टी घरच्या इस्त्रीने पूर्ववत बसत नाही. ढगळ शेल घेऊन मागाहून बारीक करण्याचा मार्ग नाही.

काटकसरीच्या मुद्द्याला मी मान देतो, पण उलट्या बाजूने. आयुष्यात एकदाच, दोन दिवस बर्फ बघायला जाणार असाल तर काहीच विकत घेऊ नका. मनालीहून सोलंगच्या वाटेवर कोट आणि बूट भाड्याने मिळतात, गुलमर्गलाही मिळतात. ढगळ असतात, पण तेवढ्यापुरतं चालतं. जो कोर्स करणार आहे, दरवर्षी जाणार आहे, त्याने आपल्याच मापाचं घ्यावं आणि मेव्हण्याला देऊ नये. घेतलेलं टिकवावंही. बाहेरून पाणी घरंगळवणारा लेप घामाने, मळाने निकामी होतो. नव्या फ्लोरिनविरहित लेपांना तेलकटपणा आणखी लवकर बाधतो. तेव्हा नेहमीची पावडर आणि सुगंधी मऊपणाचं द्रव टाळून सौम्य द्रवाने धुवा, भरपूर पाण्यात खळबळा, आणि लेबलवर परवानगी असेल तर कोमट इस्त्री फिरवा. लेप पुन्हा जागा होतो.

गुलमर्गचा हंगाम साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत असतो. जूनमध्ये लक्ष्मी रोडवर रेनकोट टांगलेले दिसले म्हणून त्यांतलंच एक उचलू नका. नोव्हेंबरात जा, फ्लीस पिशवीत घालून जा, आणि ‘एक साइज मोठं देऊ का?’ असं विचारलं गेलं की नाही म्हणा.