पोरीला दोष, धुराला माफी



आठ-नऊ वर्षांच्या मुलीला पाळी आली, की आपल्याकडे चौकशी सुरू होते ती तिची आणि तिच्या आईची. काय खायला घालते? मोबाईल किती देते? "बाई, आजकालच्या पोरीच तसल्या!" तिसरी-चौथीतलं ते लेकरू घाबरून रडतंय आणि आपण त्याचं वळण काढतोय. लाज आपल्याला वाटायला हवी.

एक चौकशी मात्र कुणीच करत नाही. हे लेकरू श्वास कसला घेतं?

प्रदूषण म्हणजे दिल्ली-मुंबईचं दुखणं, असं समजू नका. केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आपल्या मराठवाड्यातलं लातूर आहे, जालना आहे. आणि आपलं हदगाव? कापूस संपला की पऱ्हाट्या पेटतात, सोयाबीन निघालं की काड पेटतं, रोज सकाळी झाडलोट झाली की दारापुढं कॅरीबॅगांसकट कचरा पेटतो. हायवेच्या ट्रकांचा धूर वेगळाच. घरात डासांची कॉइल आणि देवघरात अगरबत्तीचा अख्खा जुडगा.

धुरातले बारीक कण फुप्फुसातून रक्तात उतरतात. प्लॅस्टिक जळताना डायॉक्सिनसारखी विषं निघतात आणि ती शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात. अमेरिकेत पाच हजारांहून जास्त मुलींचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. आईच्या पोटात असताना आणि लहानपणी ज्यांच्या वाट्याला असे बारीक कण जास्त आले, त्यांना पाळी लवकर येण्याची शक्यता थोडी जास्त दिसली. हे कण वर्षाच्या सरासरीनं घनमीटरमागं ५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे!

२०२४ मध्ये तिथल्याच सरकारी संशोधकांनी सुमारे दहा हजार रसायनं तपासली. मस्क अँब्रेट नावाचा कृत्रिम कस्तुरीचा वास वयात येण्याची सुरुवात करणाऱ्या मेंदूतल्या पेशींना चाळवतो, असं त्यांना प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि माशांत दिसलं. माणसात ते अजून सिद्ध व्हायचंय. पण स्वस्त अगरबत्तीच्या पुड्यावर आत कुठला वास घातलाय ते लिहिलेलं तुम्ही कधी वाचलंय का?

कुणी म्हणेल, लॉकडाऊनमध्ये तर हवा स्वच्छ होती. तरी पुण्याच्या जहांगीर रुग्णालयात वेळेआधी वयात आलेल्या मुलींचं प्रमाण तिपटीहून जास्त वाढलेलं दिसलं, ते कसं? बरोबर आहे. त्या दिवसांत पोरं घरात बसली, वजनं वाढली, मोबाईल वाढला. कारणं अनेक आहेत आणि एकटा धूर दोषी आहे असं मी म्हणत नाही. पण बाकीच्या कारणांवर आपण मुलीला रोज बोलतो. धूर आपणच करतो, म्हणून त्याच्याबद्दल अवाक्षर नाही. हा कुठला न्याय?

आणि आपण तर जैन. हवेतही जीव आहे, वायुकायिक जीवांचीही हिंसा नको, हे पाठशाळेत लहानपणीच शिकलो. पाणी गाळून पितो, रात्री जेवत नाही. मग कचऱ्याच्या ढिगाला काडी लावताना हा विवेक कुठं जातो? त्या ढिगात किती किडा-मुंगी जळते! अष्टद्रव्यात धूप आहे, मान्य. तो आठ कर्मं जाळण्याचं प्रतीक आहे. कर्मं भावानं जळतात, खोली धुरानं भरून नव्हे. चिमूटभर चंदनाचा शुद्ध धूप खिडकी उघडी ठेवून वाहिला, तर पूजा तसूभरही उणी होत नाही.

तेव्हा आता नुसतं हळहळणं पुरे. ओला-सुका कचरा वेगळा करून घंटागाडीतच द्या. उघड्यावर कचरा जाळायला कायद्यानंही बंदी आहे. शेजारीण जाळत असेल तर गोडीत सांगा, नाही ऐकलं तर नगरपरिषद असो की ग्रामपंचायत, पाच जणी मिळून जाऊन अर्ज द्या. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी घरातल्या पुरुषांना विचारा, पऱ्हाटी बारीक करून रानातच का कुजवत नाही? गरोदर सुनेला चुलीच्या आणि कॉइलच्या धुरात बसवू नका, मच्छरदाणी लावा.

आणि मुलीच्या अंगावर आठ वर्षांच्या आत वयात येण्याची खूण दिसली, तर झाकून ठेवू नका. मुलग्यात हीच मर्यादा नऊ वर्षांची. नांदेडला बालरोगतज्ज्ञाकडं न्या. हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय कळतं, गरज असेल तर इंजेक्शनं देऊन वाढ थोपवता येते. उशीर केला तर हाडं लवकर जुळतात आणि उंची खुंटते, ती पुन्हा वाढत नाही.

दुसऱ्याच्या लेकीकडं बोट दाखवण्याआधी आपल्या दारापुढची राख बघा. तिला नावं ठेवणं आजपासून बंद, आणि काडी लावणंही बंद.